बारावं फडकं

हिरामावशींना ओली वस्तू बघवत नाही. हे मी कौतुकानं सांगत नाहीये. या एका सवयीपायी माझी पाचावर धारण बसली होती, आणि तो शनिवार आठवला की अजून माझे तळहात गार पडतात.

नवलाख उंबरे गावाच्या रस्त्याला आमची पत्र्याची शेड आहे. बाहेर बोर्डावर कंपनीचं भलंमोठं नाव, आत आम्ही सहा माणसं, दोन ओव्हन आणि एक टेस्टिंगचं टेबल. मी तिथली केमिस्ट, वराळ्याहून स्कूटीवर येते. हिरामावशी चार वर्षांपासून आमच्याकडे मदतनीस आहेत. काचसामान धुणं, गाळणी लावणं, झाडलोट आणि दोन वेळचा चहा. पन्नाशी ओलांडलेली, अंगानं काटकुळी बाई, पण आवाज असा की मशीन चालू असतानाही ऐकू यावा.

पावसाळ्याचे चार महिने आमच्या ओव्हनच्या डोक्यावर मोजे असतात. पोरं ओली होऊन येतात, मावशी दारातच मोजे काढायला लावतात आणि जोडीनं मांडून ठेवतात. "वले मोजे घालून दिसभर उभं ऱ्हायचं व्हय? पायाला चिखल्या झाल्या मंजी कळंल." माझी ओढणी, साहेबांची छत्री, डब्याचं फडकं, काही म्हणून सुटत नाही. पाहुणे आले की मी ते मोजे चिडून ड्रॉवरमध्ये कोंबते, पाहुणे गेले की मावशी ते परत मांडतात. यावरून आमचं दर आठवड्याला वाजतं.

यामागचं कारण त्यांनी मला एकदा चहा गाळता गाळता सांगितलं होतं. त्यांचं माहेर नाणे मावळात. त्या आठ-नऊ वर्षांच्या असताना कापलेला भात खाचरात पडलेला होता आणि ऐन दिवाळीत चार दिवस पाऊस लागून राहिला. लोंब्यांना जागेवरच कोंब फुटले. आईनं जेवढा वाचला तेवढा भात चुलीवरच्या बांबूच्या ताटीवर वाळवला, आणि पुढचं वर्षभर त्या घरानं धुराचा वास मारणारा भात खाल्ला. "तवापास्नं वलं दिसलं की मला धडकी भरती बगा," मावशी म्हणाल्या. ती ताटी अजून आहे. लग्नानंतर त्यांनी कार्ल्याच्या घरातही तशीच बांधून घेतली.

कार्ल्याच्या त्या घरात त्या आणि नवरा, दोघंच. लेक चाकणकडे दिलीय. नवरा सखारामभाऊ, चांगला उंचापुरा गवंडी माणूस, गेल्या वर्षी अर्धांगवायूनं खाटेला खिळला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. ऊब लागते म्हणून त्यांची खाट चुलीजवळ ओढलेली. हे सगळं मला ठाऊक होतं, कारण मावशी रोज बोलायच्या. "ह्यांचं अंथरून रोज वलं, म्याडम. ल्हान पोरावानी. ह्या पावसात वाकळा वाळवू कुटं? मी लय वरडते त्यास्नी. मग त्ये रडत्यात आन् मी बी रडते." मी हं हं करायचे आणि आकडे लिहीत राहायचे.

आता आमच्याकडे काय चालतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हायड्रोजनवर चालणाऱ्या बसच्या पोटात फ्युएल सेल असतो. त्यात हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र येऊन वीज होते आणि धुराच्या जागी पाणी गळतं. पण ही दोघं आपली आपण पटकन जुळत नाहीत, मध्ये जमवून देणारा लागतो. ते काम आजवर प्लॅटिनम करत आलंय. प्लॅटिनम म्हणजे सोन्याच्या पंगतीतलं, अशानं बस गावात कधी येणार? म्हणून जगभर लोक निकेलच्या मागे लागलेत. सेल आम्लाचा न ठेवता अल्कलीचा ठेवला तर तिथं निकेल तग धरतं आणि काम करतं. प्लॅटिनमइतकं चपळ नाही, पण जवळ येतंय. आम्ही निकेल आणि ॲल्युमिनियमचा मिश्रधातू कॉस्टिक सोड्यात टाकतो. सोडा ॲल्युमिनियम खाऊन टाकतो आणि मागे करडी-काळी निकेलची पूड उरते, तिच्यात डोळ्यांना न दिसणारी असंख्य भोकं. त्या भोकांमुळेच ती कामाची.

आणि त्या भोकांमुळेच ती भयंकर. ती कायम पाण्याखाली ठेवावी लागते. सुकली आणि हवा लागली की आपली आपण तापते, लाल होते, पेटते. काडी लागत नाही. ज्या सुती फडक्यांतून आम्ही ती गाळतो, त्यांच्या विणीतही ती बसलेली असते. म्हणून वापरलेली फडकी एका निळ्या ड्रममध्ये पाण्यात बुडवून ठेवायची आणि महिनाअखेरीला आम्लात घालून निववायची. ड्रमवर लाल अक्षरांत इशारा होता, इंग्रजीत. मावशी सातवी शिकलेल्या, मराठी पेपर घडाघडा वाचतात. मराठीत लिहायचं कुणाला सुचलं नाही. मला सुचायला हवं होतं. पहिल्याच दिवशी मी त्यांना एवढंच सांगितलं होतं, "मावशी, ही ओलीच राहू द्यायची." त्यांनी विचारलं, "का वो?" मी म्हणाले, "ते तुम्हाला नाही कळायचं." माझी जीभ अशीच आहे. आईसुद्धा हेच म्हणते.

त्या बुधवारी माझं डोकं फिरलेलं होतं. ऑगस्टचा शेवट, पावसानं उसंत नाही, आणि सोमवारी पुण्याहून बसवाली मंडळी आमचा सेल बघायला येणार. मी शेडमध्ये नुसती तणतणत होते. "मावशी, काय अवकळा आणलीय शेडला! त्या ड्रममधल्या फडक्यांचा वास बघा कसला कुबट येतोय. सोमवारी मला इथं एक घाण वस्तू दिसता कामा नये." एवढं बोलून मी चार वाजता निघून गेले. गुरुवार-शुक्रवार विजेच्या लाइनचं काम होतं, म्हणून शेड बंद. शनिवारी सकाळी दहा वाजता टेस्ट लावायला मी एकटीच आले.

शेड लख्ख होती. फरशी, बेसिन, काचा, सगळं. मला बरं वाटलं. मग निळा ड्रम दिसला. खिडकीखाली पालथा घातलेला होता, पुसून कोरडा केलेला.

बेसिनखाली पाहिलं, मागच्या खोलीत पाहिलं, बाहेर कचऱ्याचे डबे उलथे केले. फडकी नाहीत. मग टेबलावरच्या वहीत मावशींचं गोल गोल अक्षर दिसलं. 'म्याडम, बारा फडकी घरी नेली आहेत. धुऊन वाळवून सोमवारी आणते. हिरा.'

वाळवून. मी तो शब्द परत परत वाचत राहिले. माझ्या डोळ्यांसमोर ती बांबूची ताटी आली, तिच्याखाली चूल, आणि चुलीला लागून ती खाट. मावशींना फोन लावला, कव्हरेजच्या बाहेर. परत लावला, तेच. शेजाऱ्यांचा नंबर? नाही. लेकीचा? नाही. चार वर्षं त्या बाईच्या हातचा चहा पितेय आणि तिच्या घरचा दुसरा नंबर माझ्याकडे नव्हता. आमचे साहेब प्रदीपसर पुण्यात होते. त्यांना फोन करून सगळं सांगितलं. म्हणाले, "मी लोणावळ्याला अग्निशामकला कळवतो. घर कुठं आहे?" मला सांगता आलं नाही. कार्ल्यात, एवढंच. एवढ्यावर बंब कुठं जाणार?

मी स्कूटी काढली. वडगावच्या पुढे हायवेला लागले आणि देवा रे देवा! शनिवार, पाऊस, आणि अख्खं पुणं लोणावळ्याला भिजायला निघालेलं. कान्हे फाट्यापासून गाड्यांची रांग. गाडीच्या टपातून डोकी बाहेर काढून लोक किंचाळत होते, कुणी रस्त्यावर उतरून फोटो काढत होतं. "सरका! अहो, सरका ना!" मी ओरडत होते. एकजण हसून म्हणाला, "ताई, धबधबा कुठं पळून नाही चाललाय." त्याला काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. रस्त्याच्या कडेच्या चिखलातून स्कूटी घातली, कामशेतच्या खिंडीत एकदा घसरले, गुडघा फुटला, उठले. पाऊस जोरात होता आणि मी मनातल्या मनात त्याला म्हणत होते, थांबू नकोस, अजून पड, तिच्या घरात गळ.

कार्ला फाट्यावर कणसं भाजणाऱ्या माणसाला विचारलं. "हिरा? सखारामची का? त्ये घर बगा, वढ्यापलीकडं, निळा कागद टाकलेलं." मी पाहिलं. कौलांमधून धूर निघत होता. मी स्कूटी तिथंच आडवी टाकली. मग ध्यानात आलं की सगळ्याच घरांतून निघतोय. स्वयंपाकाची वेळ होती.

खाचराच्या बांधावरून पळत गेले. दार नुसतं लोटलेलं. "मावशी!" उत्तर नाही. आत अंधार आणि धूर. डोळे सरावले तेव्हा आधी खाट दिसली. सखारामभाऊ उताणे पडलेले, वाकळ छातीपर्यंत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तोंडाचा डावा कोपरा हलवला. पाहुणीला या म्हणत होते. त्यांच्या पायांच्या वर ताटी होती आणि ताटीवर ओळीनं पसरलेली आमची करडी फडकी. खाली चुलीत सावकाश जळणारा जाड ओंडका अजून धगधगत होता.

फडकी ओढावीत तर झटक्यानं वारा लागणार, झटकली की ठिणगी. हे मला माहीत होतं आणि तरीही हात वर गेलाच. मग मागे घेतला. दाराशी पाण्याचे दोन हंडे भरून ठेवलेले होते. त्यातला एक उचलला, मी कधी घागर उचललेली नाही, आणि जीव खाऊन ताटीवर उपडा केला. पाणी फडक्यांवरून चुलीत पडलं, भस्सकन राख उडाली, सगळं घर वाफेनं भरलं. सखारामभाऊ घशातून ओरडायला लागले. त्या वाफेत मला शेवटचं, भिंतीकडचं फडकं दिसलं. त्याच्या कोपऱ्यातून एक लाल रेघ हळूहळू आत सरकत होती. ज्वाळा नाही, आवाज नाही. रेघ पुढे जाईल तसं मागचं कापड नाहीसं होत होतं.

मी दुसरा हंडा उचलला तेवढ्यात त्या फडक्याचा जळता तुकडा सुटला आणि खाली वाकळेवर पडला, त्यांच्या मांडीवर. मी किंचाळले. हंडा माझ्या हातात अर्धाच वर आला होता. पण सखारामभाऊंचा डावा हात हलला. उशाजवळचा तांब्या त्यांनी पकडला, थरथरत उचलला आणि स्वतःच्या मांडीवर ओतला. तुकडा विझला. दुसरा हंडा मी ताटीवर रिकामा केला, आणि नंतर बाहेरच्या पिंपातून बादल्या आणून ओतत राहिले. थांबायचं सुचतच नव्हतं.

"आवं म्याडम! ह्ये काय चाललंय?" दारात मावशी उभ्या होत्या, डोक्यावर प्लास्टिकचा कागद, हातात औषधाच्या गोळ्यांची पुडी. सकाळी आठला त्या गोळ्या आणायला दवाखान्यात गेल्या होत्या, रांगेत अडकल्या. "चूल इझवली? आवं, दोन दिस पडवीत लोंबत व्हती, टिप्पूस काय सुकंना. आत्ता कुटं वाळाय लागलती!"

"मावशी, ती पेटतात!" मी ओरडले. "वाळली की आपली आपण पेटतात! हे बघा!" आणि जळकं फडकं त्यांच्यासमोर धरलं.

त्यांनी फडक्याकडे पाहिलं, नवऱ्याच्या मांडीवरच्या वाकळेला पडलेल्या भोकाकडे पाहिलं, ताटीकडे पाहिलं. मग उंबऱ्यावर बसल्या. त्यांचा तो मोठा आवाज कुठं गेला कुणास ठाऊक. "मी इचारलं व्हतं," त्या म्हणाल्या. "पयल्याच दिशी इचारलं व्हतं, का म्हून."

मी बादलीत पाणी घेतलं आणि फडकी एकेक करून त्यात बुडवायला लागले. अर्धं जळालेलं धरून अकरा भरली. ताटीवर पाहिलं, चुलीमागे पाहिलं. परत बोटं घालून मोजली. अकराच.

"मावशी, बारा होती ना?"

मावशींनी मान वर केली. त्यांचा चेहरा पार उतरत गेला.

"येक लय मऊ झालं व्हतं," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या पाटीला चट्टे पडल्यात. काल सांजच्याला घडी करून खाली घातलं. जरा दमट व्हतं, पर म्हनलं... अंगाच्या उबंनं वाळंल."

काल संध्याकाळपासून. मी मनात तास मोजले आणि मोजायचं सोडून दिलं. पाठीखाली, उबेत, चुलीशेजारी. आत्ता सुकलेलं असेल तर हलवताक्षणी हवा लागणार, आणि न हलवावं तर तसंच ठेवून कसं चालेल? "मावशी, मी सांगेन तेव्हा कुशीवर घ्या. झटका द्यायचा नाही. मी पाणी घेऊन उभी राहते." माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता.

पण सखारामभाऊ वळेचनात. डाव्या हातानं त्यांनी खाटेची कड गच्च धरली. "न्न... न्न..." मानेच्या शिरा फुगल्या. मला वाटलं, भाजतंय. मावशींनाही तेच वाटलं असणार, कारण त्या एकदम रडायला लागल्या. "सोडा, आवं सोडा ना! लागतंय का? जळतंय का वो?" ते मान हलवत होते, न्न, न्न, आणि हात काही सोडत नव्हते. शेवटी मावशींनी त्यांची बोटं एकेक करून उकलली, खांद्याखाली हात घातला आणि त्यांना भिंतीकडे वळवलं.

फडकं तिथं होतं. चौघडी, करडं, अंगाच्या वजनानं चपटं झालेलं. मी बादली धरून उभी होते, ओतावं की नाही ते कळेना. मावशींनीच हात पुढे केला. मी "थांबा" म्हणेपर्यंत त्यांचा तळहात त्यावर टेकला होता.

"वल्लं हाय," त्या म्हणाल्या.

मीही हात लावला. चिंब होतं. मी ओतलेलं पाणी इथवर आलेलं नव्हतं, छातीवर पांघरलेली वाकळ कोरडी होती. मग वास आला आणि कळलं. सकाळी आठपासून माणूस एकटा होता, हाक मारायला वाचा नाही. अंथरूण, खालची वाकळ, फडकं, सगळं भिजलं होतं. त्याची लाज वाटून ते वळत नव्हते. डोळे घट्ट मिटून, बायको आता ओरडणार म्हणून पडून राहिले होते, आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे चाललं होतं.

मावशींनी फडकं उचललं, बादलीत घातलं आणि पार तळापर्यंत दाबलं. हात वर काढला तो नवऱ्याच्या डोक्यावर ठेवला. "आवं, डोळं उघडा. लय ब्येस केलंत. आज लय ब्येस केलंत तुमी." त्यांनी डोळा किलकिला करून पाहिलं, ही चेष्टा करतेय की काय म्हणून. मावशी रडत होत्या आणि हसतही होत्या. अंथरूण बदलायची त्यांना कसलीच घाई नव्हती. त्या ओल्या वाकळेवरच बसल्या आणि हातानं ती चाचपत राहिल्या.

मी खाली फतकल मारून बसले आणि मोठ्यानं रडले. राखेचा चिखल झालेला, त्यातच. मला तेव्हाही भीती वाटत होती, सगळं संपल्यावरसुद्धा, बादलीवरून नजर हटवायची भीती.

बऱ्याच वेळानं मावशींनी पदरानं तोंड पुसलं आणि बादली ओढून आमच्या दोघींच्या मध्ये ठेवली.

"आता सांगा म्याडम," त्या म्हणाल्या. "ते निकेल काय, वलं का ठिवायचं, समदं पयल्यापास्नं सांगा. मला कळतंय का न्हाई त्ये मी बगते."